शाळेला कारभारी हवा



६ मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला पायी निघालेला मोर्चा तुम्ही विसरला नसाल. किसान सभेच्या लाल झेंड्याखाली निघालेल्या त्या मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातले आदिवासी शेतकरी हजारोंनी होते. कित्येकांच्या पायात धड चपला नव्हत्या. ११ मार्चला ते मुंबईत सोमय्या मैदानावर पोहोचले. सकाळी रस्त्यावर उतरले असते तर मुंबई जागच्या जागी थांबली असती. पण दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांचा पेपर होता. शहरातल्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून तळव्याला फोड आलेली ती माणसे रात्रीच उठली, पुन्हा चालू लागली आणि दिवस वर यायच्या आत आझाद मैदानावर जाऊन बसली.

झेंडा कोणता, पुढारी कोण, हा वाद इथे नको. परक्याच्या पोराचा पेपर बुडू नये म्हणून आपली झोप देणारा हा शेतकरी आहे. त्याच्या स्वतःच्या पोराच्या शाळेची काळजी वाहायला सरकारने कोणाला नेमले आहे? या अंकाचा विषय एवढाच आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही कापूस-ज्वारीवाले. सुरगाण्यात नागली, वरई, भात आणि खुरासणी पिकते. तिथे पाऊस धो धो पडतो, आमच्याकडे आभाळाकडे बघत बसायचे. त्यांच्या शाळेचे आम्हाला काय?

एक तर त्या डोंगराशी आपला व्यवहार आहे. नार आणि पार या नद्यांचे पाणी गिरणेच्या खोऱ्यात वळवा, आमचे कोरडे रान भिजवा, अशी मागणी आपण वर्षानुवर्षे करत आलो. ज्यांच्या डोंगरातले पाणी मागायचे, त्यांच्या पोरांचे काय चालले आहे ते विचारायचेच नाही, ही रीत बरी नव्हे. पाऊस त्यांच्याकडे भरपूर, पण फेब्रुवारी उलटला की बाया हंड्यामागे धावतात आणि दिवाळीनंतर घरेच्या घरे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. आपल्याकडचा माणूस उसाच्या फडावर जातो, त्यांचा द्राक्षबागेत. हातातली हत्यारे वेगळी, पोटाचे कारण एकच. आणि दुसरे, आज सुरगाण्याच्या पाड्यावर जे घडते आहे ते उद्या आपल्या गावात घडणार आहे. त्याची सुरुवात झालीसुद्धा.

घडते आहे काय, ते नीट समजून घ्या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात शिक्षकांचा हिशेब दिला आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पोरे असली तर दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. आणि मुख्याध्यापक? पोरे १५० च्या वर असली तरच. सहावी ते आठवीला पूर्ण वेळ मुख्याध्यापक हवा असेल तर पट १०० च्या वर लागतो. आता सुरगाण्याचा नकाशा डोळ्यापुढे आणा. तिथे गाव म्हणजे एक गावठाण नसते. या टेकडीवर दहा घरे, ओहोळाच्या पलीकडे पंधरा घरे, असे पाडे विखुरलेले. पाड्यावरच्या शाळेत दीडशे पोरे कुठून येणार? म्हणजे कायद्याच्या हिशेबाने या शाळेला मुख्याध्यापक कधीच मिळायचा नाही. दोन गुरुजींपैकी जो जुना, त्याच्या गळ्यात ‘प्रभारी’ म्हणून घंटा बांधायची आणि मोकळे व्हायचे.

या प्रभारी गुरुजीचा दिवस कसा जातो ते एकदा बघा. दोन-तीन वर्ग त्याला शिकवायचेच असतात, ते काही सुटत नाहीत. त्याशिवाय पोषण आहाराचा तांदूळ-डाळ मोजायची, किती पोरे जेवली ते कळवायचे, युडायसची माहिती भरायची, पोरांची आधार जुळवायची, बँकेत जायचे, सुरगाण्याला बैठकीला जायचे. मोबाइलला रेंज नसली तर टेकडीवर चढून माहिती पाठवायची. तो बैठकीला गेला की चार-पाच इयत्ता एका गुरुजीवर. तो एक आजारी पडला तर शाळेला कुलूप. आणि या सगळ्यात मुख्याध्यापकाचे खरे काम कोणते, हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते, शिकवलेलेही नसते.

खरे काम कोणते? कोणते पोर दुसरीत जाऊनही अक्षर ओळखत नाही, हे नावानिशी ठाऊक असणे. नव्या गुरुजीच्या वर्गात मागे बसून, नंतर त्याला बाजूला घेऊन, कुठे चुकले ते सांगणे. पोर घरी कोकणी बोलते आणि पुस्तक बोलते पुण्याची मराठी, या दोन्हींच्या मध्ये पूल कसा घालायचा ते गुरुजींबरोबर बसून ठरवणे. दिवाळीनंतर घर द्राक्षावर निघाले की आजीला गाठून सांगणे, पोराला तुझ्याजवळ ठेव, जेवण शाळेत आहे, अभ्यासाचे मी बघतो. हे काम कोणत्याही माहितीपत्रकात भरता येत नाही. म्हणून ते कोणी मागत नाही, आणि म्हणून ते होतही नाही.

शेतावर आपल्याला हे पटवून द्यायला नको. बियाणे चांगले, खत वेळेवर, सालदार दोन, पण वाफसा आला की नाही हे बघणारा, आज पेरा किंवा आज थांबा असे सांगणारा घरात कोणी नसेल तर त्या शेताचे काय होते ते आपण जाणतो. शाळेला खोल्या दिल्या, पुस्तके दिली, खिचडी दिली. कारभारी तेवढा दिला नाही.

ही गोष्ट आज कोणाला सुचलेली नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सहीखाली आपला धंदा व्यापारी आणि शेतकरी असा लिहिला. त्यात त्यांनी मागितले की प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराच्या मुठीला हात लावायला त्याला लाज वाटू नये. त्याच निवेदनात शाळांच्या देखरेखीवरही त्यांनी बोट ठेवले. अधिकारी वर्षातून एकदा येतो, त्याचा काही उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा शाळा तपासली जावी, आणि कधी कधी आगाऊ न कळवता तपासली जावी, असे त्यांचे म्हणणे. नोकरशाहीचा कारभार कुठे सडतो हे या शेतकऱ्याने १८८२ मध्ये ओळखले होते.

पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात जवळजवळच्या शाळांचा एक समूह करावा, त्यांनी एकमेकींना हात द्यावा, अशी शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे, खेड्यात शिक्षणाचे काम करून तिथे पोहोचलेले. महाराष्ट्रात हे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. त्या वर्षी १४ नोव्हेंबरच्या शासन निर्णयाने केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले. राज्यात ४८६० केंद्रे. आसपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र, आणि त्यावर वर्गात जाऊन गुरुजींना मदत करणारा एक जाणता माणूस. जिथे शाळेला मुख्याध्यापक मिळू शकत नाही त्या पाड्यांसाठी याहून चांगली सोय कागदावर कोणी केली नसेल.

मग झाले काय? तेच, जे कृषी सहायकाचे झाले. जागतिक बँकेच्या पैशाने आलेली ‘प्रशिक्षण व भेट’ योजना तुमच्यातल्या जाणत्यांना आठवत असेल. पंधरवड्याला ठरल्या दिवशी माणूस बांधावर येणार, नवे ज्ञान सांगणार, आपल्या अडचणी वर नेणार, असे ते होते. पहिली दोन वर्षे आला. मग त्याच्या हातात अनुदानाच्या याद्या आल्या, उद्दिष्टे आली, आणि तो बांधावरून उठून तहसिलात जाऊन बसला. केंद्रप्रमुखाच्या हातात तसेच अहवाल दिले. शाळेत येतो तो शेरेबुकात दोन ओळी लिहायला. पैसेवारी कशी लावतात ठाऊक आहे ना? शेतात पाय न ठेवता, कचेरीत बसून, बरे पीक दाखवून. शाळेची पैसेवारीही तशीच लागते.

जो येतो त्याची ही गत. कित्येक केंद्रांवर तर येणारा माणूसच नाही. जून २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांची पदे परीक्षेने भरण्याची जाहिरात निघाली. पदे किती? २३८४. म्हणजे ४८६० पैकी जवळजवळ निम्मी. ती परीक्षा ठरल्या वेळी झाली नाही, पुढे ढकलली गेली, आणि २०२५ मध्ये सारी प्रक्रिया नव्याने मांडावी लागली. तोवर एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा ‘अतिरिक्त कार्यभार’. एक बैल जोडीच्या नांगराला जुंपायचा आणि तास सरळ का येत नाही म्हणून विचारायचे.

सरकार म्हणेल, आम्ही प्रशिक्षण देतो. देते, खोटे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र आहे. आपल्या राज्यात याच कामासाठी छत्रपती संभाजीनगरला ‘मिपा’ ही संस्था आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर मुख्याध्यापकांनी दरवर्षी ५० तास स्वतःचे शिक्षण चालू ठेवावे असे लिहिले आहे. पण हे ५० तास सुरगाण्याच्या पाड्यावरच्या गुरुजीने कुठून काढायचे? त्याला मुख्याध्यापकाचे पद नाही, वर्गातून सूट नाही, हाताखाली कारकून नाही. तो गेला तर वर्ग बंद पडतो. मग प्रशिक्षण मोबाइलवर येते. चित्रफीत चालू ठेवायची, शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. ज्याच्या हाती औत नाही त्याला नांगरटीवर व्याख्यान द्यायचे, असा हा प्रकार आहे.

मग काय होऊ शकते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यात कुमठे म्हणून एक बीट आहे. तिथे प्रतिभा भराडे नावाच्या विस्तार अधिकारी होत्या. शाळा तपासून शेरे मारण्यापेक्षा त्यांनी बीटातल्या शिक्षकांना एकत्र बसवले. मूल शिकते कसे यावर त्यांच्याशी बोलत राहिल्या, वर्गात जाऊन बसल्या, प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे हे त्यांच्या मनावर बिंबवले. शाळा बोलू लागल्या, पोरे आपापली शिकू लागली. राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक कुमठ्याला बघायला जाऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला तेव्हा कुमठ्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते.

पण बघून आलेल्यांनी उचलले काय? पुष्कळ ठिकाणी फरशीवर आकडे रंगवले, भिंतीवर अक्षरे काढली. रंग सगळीकडे पोहोचला. वर्गात शिक्षकांबरोबर बसणारा अधिकारी मात्र सगळीकडे पोहोचला नाही, कारण तो रंगाच्या डब्यातून येत नाही. तो निवडावा लागतो, तयार करावा लागतो, आणि मग त्याला कागदापासून वाचवावा लागतो.

बाहेरच्या जगात हे ओळखले गेले आहे. सिंगापूर सरकार ज्यांना मुख्याध्यापक करायचे त्यांना आधी निवडते आणि काही महिने पूर्ण वेळ त्याच कामाचे शिक्षण देते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मुख्याध्यापक होण्याआधी त्यासाठीचा वेगळा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि नव्या मुख्याध्यापकाच्या सोबतीला सुरुवातीची दोन वर्षे एक अनुभवी मुख्याध्यापक देण्याची पद्धत त्यांनी बसवली. ते श्रीमंत देश, मान्य. पण जुन्याला नव्याच्या जोडीला देणे याला कोणती श्रीमंती लागते? आपण तर नव्या बैलाला जुन्याच्या जोडीला जुंपूनच शिकवत आलो.

सुरगाण्यात आणखी एक गाठ आहे, बदलीची. २०१७ च्या बदली धोरणाने गावांचे दोन भाग केले, अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बाहेर बदली मागायचा हक्क मिळतो. गुरुजीलाही लेकरेबाळे आहेत, त्याचा हक्क काढून घ्या असे आम्ही म्हणणार नाही. पण परिणाम बघा. पहिले वर्ष पाडे ओळखण्यात जाते, दुसऱ्यात पोरांची बोली कळू लागते, तिसऱ्यात डोळे बदलीच्या यादीकडे. ज्याला तिथेच राहायचे आहे, ज्याची बोली तीच आहे, असा त्या मातीतला पोरगा मात्र भरतीची वाट बघत बसतो. अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकासह १७ संवर्गांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत अशी अधिसूचना राज्यपालांनी २०१४ मध्ये काढली. ती न्यायालयाच्या वादात अडकली आणि भरती रखडली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या पोरांना नाशिकला येऊन आंदोलन करावे लागले. फुल्यांनी १८८२ मध्ये जे मागितले तेच ही पोरे मागत होती.

काही जण म्हणतील, मास्तर लोक भरपूर पगार घेतात, तरी शिकवत नाहीत. अशांना आणखी पदे कशाला? हा राग खोटा नाही. आम्हीही असे गुरुजी पाहिले आहेत. पण विचार करा. कामचुकाराला कामाला लावायचे असेल तरी, आणि झटणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा असेल तरी, शाळेत काय चालते ते जवळून बघणारा माणूस लागतो. तो नसला की दोघेही सारखेच. मग झटणारा थकतो आणि कामचुकाराचे फावते. तोट्यात राहते ते आपले पोर, कारण आपल्याकडे त्याला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायला पैसे नसतात.

कारभाऱ्याविना शाळा ओस पडली की सरकारपुढे सोपा हिशेब तयार असतो. पट कमी आहे, बंद करा. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर. त्या काय फक्त सुरगाण्याच्या? आपल्या वस्त्यांवरच्या, मळ्यांतल्या, तांड्यांवरच्याही त्यातच आहेत. पावसाळ्यात ओहोळ भरला की सहा वर्षांची पोर पलीकडच्या शाळेत जाणार कशी, हे त्या हिशेबात कुठे धरलेले नसते. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत गडबड उडाली. स्वतःचे राज्य सोडून जावेसे का वाटते? रस्ता नाही, दवाखाना नाही, धड शाळा नाही, म्हणून.

म्हणून जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावा.

एक, डोंगराळ आणि विखुरलेल्या वस्तीत मुख्याध्यापकाचे पद पटावर मोजू नये. जवळच्या चार-पाच लहान शाळा मिळून एक पूर्ण वेळ मुख्याध्यापक द्यावा. शाळा आपापल्या जागी राहाव्यात, फिरावे त्याने. समूह करायचाच तर माणसाचा करा, पोरांची पायपीट वाढवू नका.

दोन, केंद्रप्रमुखांची सारी पदे भरावीत. महिन्याला प्रत्येक शाळेत पूर्ण एक दिवस, तोही वर्गात, हे त्यांचे पहिले काम ठरावे. अहवालासाठी तालुक्याला वेगळा कारकून द्यावा.

तीन, प्रभारी असो की कायम, शाळा हाती देण्याआधी तयारी करून घ्यावी, आणि पहिली दोन वर्षे जवळच्या चांगल्या शाळेचा जुना मुख्याध्यापक त्याच्या सोबतीला द्यावा. तो प्रशिक्षणाला गेला की बदली शिक्षक मिळावा.

चार, स्थानिक बोली जाणणाऱ्या उमेदवारांची भरती पुरी करावी, आणि जो गुरुजी आपखुशीने पाड्यावर राहतो त्याला बढतीत त्याचा मान मिळावा.

सरकारकडे मागायचे ते हे. पण आपल्या हातात काहीच नाही असे समजू नका. कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. आपण काय करतो? गुरुजी घरी वही पाठवतात, आपण औताच्या मुठीवर ती टेकवून सही ठोकतो. येत्या महिन्यात सहीआधी तीन प्रश्न विचारा. केंद्रप्रमुख यंदा किती दिवस वर्गात बसले? गुरुजी किती दिवस बैठकांना गेले? आणि माझ्या पोराच्या वर्गातल्या किती पोरांना धडा वाचता येतो? दरडावून नको, घरच्यासारखे विचारा. चांगल्या गुरुजीला याचा आनंदच होईल, कारण इतकी वर्षे त्याला हे कोणी विचारलेलेच नाही. मिळालेली उत्तरे लिहून बैठकीला घेऊन या. सुरगाण्याचीही येतील, आपलीही. शेजारी शेजारी ठेवून बघू.

२०१८ च्या त्या रात्री डोंगरातली माणसे दुसऱ्यांच्या पोरांसाठी चालली. आपल्याला तर फक्त आपल्या गावच्या शाळेपर्यंत चालत जायचे आहे.